ऑनलाइन रिवॉर्ड योजनांमुळे प्रिंटरच्या शाईचा खर्च खरोखर कमी होतो का?

होतो, परंतु मर्यादित प्रमाणातच. अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय क्रेडिट कार्डाने अ‍ॅमेझॉनवर खरेदी केल्यास प्राइम सदस्यांना ५ टक्के, तर इतरांना ३ टक्के रक्कम परत मिळते. म्हणजे १,००० रुपयांच्या कार्ट्रिजमागे फार तर ५० रुपये वाचतात, आणि तेही कार्डाचे बिल मुदतीत पूर्ण भरले तरच, कारण थकबाकीवरील व्याज ही बचत सहज गिळून टाकते. म्हणून आधी पानामागचा खर्च मोजावा, असा माझा आग्रह आहे. एचपी ६८० च्या काळ्या कार्ट्रिजमधून सुमारे ४८० पाने निघतात, तर इकोटँक प्रिंटरमध्ये (म्हणजे ज्याच्या टाकीत बाटलीने शाई भरतात त्या प्रिंटरमध्ये) एप्सन ००३ च्या काळ्या शाईच्या एका बाटलीतून सुमारे ४,५०० पाने निघतात. कार्ट्रिजचाच प्रिंटर असल्यास निदान विक्रेता अधिकृत असल्याची खात्री करून घ्यावी.