न्यायालयाचा पैसा सरकार अडवू शकतं का?

तुम्ही विचारलंय की न्यायसंस्था स्वतंत्र आहे, तर तिचा पैसा सरकारच्या अर्थसंकल्पातून का येतो, आणि सरकार नाराज झालं तर तो अडवू शकतं का. शिवाय आमदार आपलाच पगार आपणच मंजूर करतात का, हेही. मी बरीच वर्षं जिल्हा न्यायालयाच्या लेखा शाखेत काढली आहेत, त्यामुळे कागद जसे फिरतात तसंच सांगतो.

आधी दोन शब्द पक्के करा: भारित आणि दत्तमत. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत खर्च असा वेगवेगळा दाखवलेला असतो. दत्तमत खर्चाला विधानसभेचं मत लागतं. भारित खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, थेट टाकलेला असतो. त्यावर सभागृहात चर्चा करता येते, मतदान होत नाही. भारित काय ते राज्यघटनेच्या अनुच्छेद 202 मध्ये आहे: राज्यपालांचा खर्च, कर्जावरचं व्याज, विधानसभेचे अध्यक्ष-उपाध्यक्ष व विधान परिषदेचे सभापती-उपसभापती यांचे पगार, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे पगार, आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यापोटी सरकारला भरावी लागणारी रक्कम.

म्हणजे एखादा निकाल सरकारला झोंबला म्हणून विधानसभेने त्या न्यायमूर्तींचा पगार नामंजूर करायचा, ही वाट घटनेने बंदच केली आहे. न्यायमूर्तींचा पगार संसदेच्या कायद्याने ठरतो, देतं राज्य, आणि निवृत्तिवेतनाचा भार भारताच्या एकत्रित निधीवर. मुंबई उच्च न्यायालय महाराष्ट्र आणि गोवा दोघांचं, शिवाय दादरा-नगर हवेली व दमण-दीवचंही. म्हणून पगाराचा खर्च दोन राज्यं आणि केंद्र यांच्यात वाटण्याची तरतूद गोव्याला राज्य करणाऱ्या 1987 च्या कायद्यातच आहे. उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्चही, कर्मचाऱ्यांच्या पगारासकट, अनुच्छेद 229 मुळे भारित आहे. पण त्याच अनुच्छेदात एक अट आहे. कर्मचाऱ्यांचे पगार, भत्ते, रजा, निवृत्तिवेतन यांचे नियम मुख्य न्यायमूर्ती करतात, मंजुरी मात्र राज्यपालांची लागते. राज्यपालांची म्हणजे व्यवहारात शासनाची. त्यामुळे ती फाइल मंत्रालयात जातेच.

आमदारांचं थोडक्यात. पीठासीन अधिकाऱ्यांचे (अध्यक्ष, सभापती आणि त्यांचे उप) पगार भारित, बाकी सदस्यांचे पगार-भत्ते आणि विधिमंडळ सचिवालयाचा खर्च दत्तमत. तेव्हा हो, आमदार आपला पगार आपणच कायदा करून ठरवतात. आपल्याकडे तो 2016 मध्ये प्रधान सचिवांच्या वेतनाशी जोडला गेला. अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे खात्यांनी खर्चासाठी मागितलेल्या रकमांवर, मत फक्त विधानसभेचं. परिषद चर्चा करते. आणि लेखाशीर्ष 2011 मध्ये (लेखाशीर्ष म्हणजे अर्थसंकल्पात खर्चाच्या प्रकाराला दिलेला क्रमांक, 2011 विधिमंडळाचा) विधिमंडळाचा सगळा खर्च सापडेल असं समजू नका. नागपूर अधिवेशनाआधी तिथल्या आमदार निवासाची डागडुजी होते, ती बांधकाम खात्याकडे.

आता मला ज्याबद्दल मनापासून बोलायचंय ते. हे भारितचं कवच उच्च न्यायालयापाशी संपतं. जिल्हा आणि तालुका न्यायालयं, जिथे बहुतेक लोकांचा कोर्टाशी पहिला आणि शेवटचा संबंध येतो, त्यांचा खर्च दत्तमत आहे. तो विधि व न्याय विभागाच्या मागणीत, लेखाशीर्ष 2014 न्यायदान याखाली येतो. नवीन पद हवं असेल तर प्रस्ताव जिल्हा न्यायालयाकडून उच्च न्यायालयाकडे, तिथून विधि व न्याय विभागाकडे, मग वित्त विभागाकडे. यातल्या कुठल्याही टेबलावर तो थांबू शकतो, आणि नुसता थांबला म्हणून घटनाभंग झाला असं ठरत नाही.

एका तालुक्याच्या कोर्टातलं रेकॉर्ड रूम मला अजून दिसतं. पावसाळ्यात छत गळायचं. जमिनीच्या दाव्यांचे बस्ते निळ्या ताडपत्रीखाली सरकवून ठेवलेले, आणि रेकॉर्ड कीपर रोज सकाळी आल्या आल्या आधी ताडपत्रीवरचं पाणी बादलीत काढायचा. दुरुस्तीचं अंदाजपत्रक बांधकाम खात्याने करून दिलं होतं. प्रशासकीय मान्यता येईपर्यंत दरसूची बदलली, अंदाजपत्रक परत गेलं. दुसऱ्या वर्षी तरतूद झाली, पण बीम्सवर, म्हणजे शासनाच्या निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर, वितरण फार उशिरा आलं. पुस्तकात आकडा असला तरी बीम्सवर वितरण नसेल तर कोषागारात देयकच जात नाही. त्या खोलीत लोकांच्या आयुष्याचे कागद भिजत होते, आणि कुणी मुद्दाम काही अडवलं होतं असंही नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: न्यायमूर्तींचा पगार सरकार अडवू शकत नाही. तालुक्याच्या कोर्टाला लघुलेखक, छत, न्यायाधीशांना निवासस्थान या गोष्टी वेळेवर मिळणं मात्र सरकारच्याच हातात आहे. इमारतींसाठी 1993-94 पासून केंद्राची योजना आहे, आपल्या राज्याला केंद्र-राज्य वाटा 60:40. तिथेही राज्याने आपला हिस्सा घालावा लागतो.

कोर्ट फी त्याच कोर्टाला मिळते का, हेही विचारलंत. ती मुद्रांकांच्या महसुलात राज्याच्या एकत्रित निधीत जमा होते. ज्या कोर्टात तुम्ही भरता, त्या कोर्टाला ती थेट वापरता येत नाही.

स्वतः बघायचं असेल तर विधि व न्याय विभागाची अर्थसंकल्पाची पुस्तकं उघडा, लेखाशीर्ष 2014 काढा, आणि एकाच वर्षाचे तीन आकडे शेजारी ठेवा: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. नुसता पहिला पाहू नका, बातम्यांत तोच येतो. दत्तमत बाजूला पहिला मोठा आणि तिसरा लहान दिसला, तर त्यात किती पदं रिकामी राहिली हे जिल्हा न्यायालयाकडे माहिती अधिकारात विचारा. मंजूर पदं आणि भरलेली पदं असे दोन रकाने मागा, संवर्गनिहाय, म्हणजे पदाच्या प्रकारानुसार.