तिसाव्या किलोमीटरनंतर : मॅरेथॉन धावणाऱ्या वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेले प्रश्न नोकरी-व्यवसाय सांभाळून वर्षाला एक-दोन फुल मॅरेथॉन (४२.१९५ किलोमीटर) धावणाऱ्या वाचकांचे आहेत. पहिल्या पत्राला सगळ्यांत मोठं उत्तर दिलं आहे, कारण इतर बऱ्याच पत्रांतल्या अडचणींचं मूळही तिथेच आहे.

प्रश्न : वय ४३, वजन ६८ किलो. हाफ मॅरेथॉनची, म्हणजे निम्म्या अंतराची, माझी सर्वोत्तम वेळ १ तास ५५ मिनिटं आहे. त्यावरून फुल चार तासांत होईल असं गणित मांडलं होतं. पहिला हाफ १:५७ ला झाला, पण तिसाव्या किलोमीटरनंतर पाय उचलेनात आणि शेवटी ४:३१ लागले. मी एका रविवारी ३५ किलोमीटर धावतो, सहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं. पुढच्या रविवारी १४. मधल्या दिवसांत तीनदा सात-सात किलोमीटर. शर्यतीत पंचविसाव्या किलोमीटरला एक एनर्जी जेल (साखरेचा घट्ट पाक) घेतलं होतं. कुठे चुकलं?

उत्तर : गणित बरोबर होतं, पण ते तुमच्या सरावाला लागू होत नव्हतं. धावण्याच्या वेळांचा अंदाज बांधणाऱ्या पीटर रीगेल यांच्या सूत्रानुसार हाफच्या वेळेला साधारण २.०८५ ने गुणलं की फुलची वेळ मिळते. तुमच्या बाबतीत ३:५९:४६. पण दोन्ही अंतरांचा सराव सारखाच पक्का आहे, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. तुमची सरासरी आठवड्याला ४५ किलोमीटरची. एवढ्यावर हाफ उत्तम निघतो, फुल निघत नाही. शिवाय चार तासांचं लक्ष्य धरलं तरी पहिला हाफ दोन तासांचा हवा होता. तुम्ही तो तुमच्या आयुष्यातल्या सर्वांत वेगवान हाफपेक्षा फक्त दोन मिनिटं हळू धावलात. पुढच्या वेळी ४:१० धरा, म्हणजे ५:५५ चा पेस.

आता तो सहाचा पेस पाहा. ५:५५ ही तुमची शर्यतीची गती असेल, तर दर दुसऱ्या रविवारी तुम्ही साडेतीन तास जवळजवळ शर्यतच धावत होता. त्याचा शिणवटा पुढचे चार-पाच दिवस राहतो, आणि म्हणून मधले तीनही दिवस सात किलोमीटरच्या वर जात नाहीत. लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, तीन तास किंवा ३० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तिथे थांबवा. त्यापुढे शरीराला मिळणारा फायदा थोडा आणि होणारी झीज फार.

आठवडा असा बांधा. मंगळवारी १० किलोमीटर, त्यात १ किलोमीटरचे पाच तुकडे ५:१५ ते ५:२० ने, मध्ये दोन-दोन मिनिटं हळू जॉगिंग. बुधवारी ८ अगदी सैल. गुरुवारी १२, त्यातले मधले ८ किलोमीटर ५:५५ ने. शनिवारी ६ सैल आणि शेवटी वीस-वीस सेकंदांचे सहा झपाटे. रविवारी २४. हे ६० होतात. तिथवर एकदम उडी मारू नका. दहा-बारा आठवड्यांत चढा आणि दर चौथ्या आठवड्यात अंतर २० ते २५ टक्क्यांनी उतरवा. सैल म्हणजे ६:४५ ते ७:०० चा पेस. सोबत कुणी असेल, तर पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. हौशी धावपटूला सर्वांत अवघड जातो तो हाच सैल दिवस, आणि तो पाळला नाही तर मंगळवार-गुरुवारचे तुकडे नीट निघत नाहीत. शेवटच्या दोन महिन्यांत तीन-चार लाँग रन २८ ते ३० किलोमीटरचे करा, आणि त्यातले शेवटचे १० ते १२ किलोमीटर शर्यतीच्या पेसने. थकलेल्या पायांनी तो पेस धरणं, हेच शिकायचं आहे.

उरला तो एक जेल. धावताना वजनाच्या दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६८ किलो आणि ४२ किलोमीटर म्हणजे सुमारे २,८५०. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या कार्बोहायड्रेटच्या, रूपात साठा असतो तो ढोबळमानाने १,६०० ते २,००० किलोकॅलरींचा. बाकीची ऊर्जा चरबीतून येते, पण वेग वाढला की शरीर चरबी कमी आणि ग्लायकोजेन जास्त वापरतं. म्हणून सुरुवातीला केलेली घाई तिसाव्या किलोमीटरला वसूल होते. जेलमध्ये २० ते २५ ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे जेमतेम शंभर किलोकॅलरी. तुम्हाला तासाला ५० ग्रॅम तरी हवेत : पहिलं जेल तिसाव्या मिनिटाला आणि मग दर अर्ध्या तासाला, एकूण सात. पोट याला आपोआप तयार होत नाही. लाँग रनमध्ये तासाला ३० ग्रॅमपासून सुरू करून सहा-आठ आठवड्यांत वाढवत न्या. जेलवर साधं पाणीच प्या. स्पोर्ट्स ड्रिंक प्यालात, तर आतड्यातलं मिश्रण फार घट्ट होतं, शरीर ते पातळ करायला पाणी तिकडे खेचतं आणि मुरडा येतो. तासाला ६० ग्रॅमच्या पुढे जायचं असेल, तर ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोजही असलेलं जेल लागतं, कारण एकट्या ग्लुकोजची वाट तेवढ्यावर तुंबते.

शर्यतीआधीचे दोन दिवस वजनाच्या किलोमागे ८ ते १० ग्रॅम कार्बोहायड्रेट घ्या; तुमच्यासाठी रोज ५५० ते ६८० ग्रॅम. हे पोटभर खाण्यापेक्षा बरंच जास्त आहे, त्यामुळे तेल-तूप आणि चोथा कमी करून त्यांची जागा भात, पाव, बटाटा, फळांचा रस यांना द्या. वजन किलोभर वाढेल. ग्लायकोजेनबरोबर साठलेलं ते पाणी आहे, घाबरू नका.

प्रश्न : वर्षात मोठ्या शहरांतल्या तीन-चार फुल मॅरेथॉन कराव्यात असं मनात आहे. वेळही सुधारायची आहे. तारखा कशा निवडाव्यात?

उत्तर : दोन्ही एकत्र जमणार नाहीत. जीव तोडून धावायच्या दोनच ठेवा. तिसरी हवीच असेल, तर ती सैल पेसने, लाँग रन समजून धावा. तारखा मागून मोजायच्या : शर्यतीआधी १६ आठवडे नेमका सराव, शर्यतीनंतर ४ आठवडे विश्रांती. उदाहरणार्थ, टोकियो मार्चच्या सुरुवातीला असते आणि बर्लिन सप्टेंबरअखेर. मध्ये सुमारे ३० आठवडे मिळतात. ४ आठवडे विश्रांतीचे, १० आठवडे दहा किलोमीटरच्या आणि हाफच्या सरावाचे, १६ आठवडे फुलच्या. बर्लिन आणि शिकागो ही जोडी मात्र मोहात पाडते आणि फसवते, कारण त्यांच्यात साधारण दोनच आठवडे असतात. स्नायूंमधल्या धाग्यांची झीज तेवढ्यात जेमतेम भरते. दहाव्या दिवशी पाय हलके वाटतात, त्यावर विश्वास ठेवू नका.

शर्यतीच्या तारखेसोबत सरावाचा ऋतूही पाहा. सप्टेंबरच्या शर्यतीचा कस लागतो तो उन्हाळ्यात. उष्म्यात शरीर जुळवून घ्यायला १० ते १४ दिवस लागतात, आणि त्यानंतरही पेस मंदावतोच. तेव्हा घड्याळावरच्या पेसऐवजी श्वासावर आणि हृदयाच्या ठोक्यांवर धावा. मार्गाचा उतार-चढही बघा. बर्लिन सपाट आहे. बॉस्टनचा शेवट सुरुवातीपेक्षा सुमारे १४० मीटर खाली आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो आणि लवकर फाटतो. त्यानंतर, ३२ किलोमीटरच्या पुढे, हार्टब्रेक हिलचा चढ येतो. अशा मार्गासाठी शेवटच्या आठ आठवड्यांत उतारावर धावण्याचा सराव मुद्दाम हवा.

प्रश्न : माझ्या घड्याळात ४२.६ किलोमीटर भरले. मार्ग चुकीचा मोजला होता का?

उत्तर : प्रमाणित मार्ग असेल, तर नाही. तो सायकलने मोजतात. पुढच्या चाकाच्या आसाशी चाकाच्या फेऱ्यांचे अंश मोजणारा छोटा काउंटर बसवतात. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावरून सायकल चार वेळा नेऊन एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते ठरवतात, आणि मार्ग मोजून झाल्यावर तेच पुन्हा करतात, कारण ऊन वाढलं की टायरमधली हवा फुगते. वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, म्हणजे धावता येईल अशा सर्वांत जवळच्या रेषेवरून सायकल जाते. वर किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात, की अंतर कमी भरू नये.

तुम्ही गर्दीत वळणांच्या बाहेरून धावता, पाण्यासाठी कडेला जाता, आणि उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं. दोनशे ते पाचशे मीटर असे सहज वाढतात. त्यामुळे चार तासांसाठी कागदावर ५:४१ चा पेस पुरतो, पण घड्याळात ५:३८ दिसायला हवा. त्याहून चांगलं म्हणजे ऑटो लॅप (घड्याळ दर किलोमीटरला आपोआप करतं ती नोंद) बंद करा आणि किलोमीटरच्या पाटीपाशी लॅपचं बटण स्वतः दाबा. लांबचं वळण आधीच हेरून तिरक्या सरळ रेषेत त्याच्या आतल्या कडेला पोहोचणं, हे सरावाशिवाय मिळणारे दीडशे-दोनशे मीटर आहेत.

प्रश्न : साडेपाच तासांच्या मॅरेथॉनमध्ये मी प्रत्येक टेबलावर पाणी प्यायले. तरी शेवटी डोकं दुखलं, उलटी झाली आणि बोटातली अंगठी निघेना. पाणी कमी पडलं का?

उत्तर : ताई, लक्षणं उलटंच सांगताहेत. सुजलेली बोटं आणि रुतलेली अंगठी ही बहुधा पाणी जास्त झाल्याची खूण आहे. घामातून जातं त्याहून जास्त पाणी प्यालं, की रक्तातलं सोडियम पातळ होतं. लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली गेलं, की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. मेंदूला सूज येऊन जीवही जाऊ शकतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम खाली आढळलं होतं, आणि धोका वाढलेला दिसला तो वाटेत वजन वाढलेल्यांत आणि चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांत. इलेक्ट्रोलाइटचं पेय घेतलं की आपण सुरक्षित, असंही समजू नका. त्यात रक्तापेक्षा पुष्कळच कमी सोडियम असतं, म्हणून तेही अति झालं तर तोच परिणाम.

घामाचा दर घरी काढा. लघवीला जाऊन, कमीत कमी कपड्यांत वजन करा, तासभर शर्यतीच्या पेसने धावा, अंग पुसून पुन्हा वजन करा. ६२.४ चं ६१.८ झालं आणि वाटेत ३०० मिलिलिटर प्यालात, तर घाम ९०० मिलिलिटर. हाच तासाचा वरचा आकडा. शर्यतीत तहानेप्रमाणे त्याच्या खालीच राहा. थंडीत आणि उन्हात वेगवेगळं मोजा. शर्यतीच्या दिवशी आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. आणि अंतिम रेषेनंतर डोकं दुखून उलटी किंवा गोंधळल्यासारखं झालं, तर आणखी पाणी न पिता थेट वैद्यकीय तंबू गाठा.

प्रश्न : पूर्वेकडे सात तासांच्या फरकाच्या देशात रविवारी शर्यत आहे. बुधवारी पोहोचलो तर चालेल? सामानात काय ठेवावं?

उत्तर : शरीर दिवसाला साधारण एक तास जुळवून घेतं, पूर्वेकडे जाताना त्याहूनही हळू. बुधवार चालेल, पण निघण्याआधीचे चार दिवस रोज थोडं लवकर झोपा आणि लवकर उठा. पोहोचल्यावर उजेडाची वेळ सांभाळा : पहिल्या दिवशी तिथल्या सकाळी अकराच्या आधीचं ऊन टाळा. तुमच्या शरीराच्या दृष्टीने तेव्हा पहाट व्हायची असते, आणि त्या वेळचा उजेड शरीराचं घड्याळ आणखी मागे ढकलतो. दुपारचं ऊन मात्र भरपूर घ्या. शहर बघायचं ते शर्यतीनंतर. शनिवारी सहा तास पायी फिरून आलेले पाय रविवारी तक्रार करतातच.

बूट, शर्यतीचे कपडे आणि जेल हातातल्या बॅगेत ठेवा. जेल द्रवात मोजतात. अनेक विमानतळांवर अजून १०० मिलिलिटरच्या डब्या आणि एकूण एक लिटरची पिशवी हा नियम आहे, त्यात सात-आठ सहज बसतात. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, बहुतेक मोठ्या शर्यतींत स्वतः जाऊनच घ्यावा लागतो, पासपोर्ट हाताशी हवा. सुरुवातीच्या जागी तास-दीड तास उभं राहावं लागतं, म्हणून टाकून देता येईल असा जुना स्वेटर सोबत ठेवा.

प्रश्न : शर्यतीला सहा आठवडे आहेत आणि नडगी दुखते. धावू की थांबू?

उत्तर : दुखतं ते एका बोटाने दाखवता येतं का, ते पाहा. आतल्या कडेने वीतभर पसरलेलं आणि धावायला लागल्यावर सैलावणारं दुखणं असेल, तर अंतर निम्मं करा आणि पोटरीचे व्यायाम सुरू करा. एकाच बिंदूवर, धावताना वाढत जाणारं, रात्रीही ठणकणारं दुखत असेल, तर हाडाला ताणाची चीर असू शकते. मग आजच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला साध्या एक्स-रेत ती अनेकदा दिसत नाही, एमआरआय लागतो. पाळी तीन महिने आली नसेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडत असल्याची ती खूण असते आणि त्यात हाडं कमकुवत होतात.

प्रश्न : प्रत्येक लाँग रननंतर अंगठ्याचं नख काळं पडतं. मोठे बूट घेऊनही!

उत्तर : मोठ्या बुटात पाय पुढे सरकत असेल. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरे. बुटाच्या अगदी वरच्या, सहसा रिकाम्या राहणाऱ्या भोकातून नाडी त्याच बाजूने बाहेरून आत घाला, म्हणजे दोन्हीकडे छोटा फास तयार होईल. डाव्या नाडीचं टोक उजव्या फासातून, उजव्याचं डाव्यातून ओढा आणि मग गाठ मारा. टाच मागे घट्ट बसते. नख दोन दिवस आधी सरळ कापा, शर्यतीच्या आदल्या रात्री नको.