एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्कारांच्या सोहळ्यात खास श्रद्धांजली कोणाला द्यायची, हे कोण ठरवतं?

यासाठी मतदान होत नाही. कार्यक्रमाचा निर्माता आणि त्याची टीम ठरवते. वर्षभरातल्या दिवंगतांची एकत्र चित्रफीत वेगळी आणि कोणीतरी मंचावर येऊन एकाच व्यक्तीबद्दल बोलतं ती श्रद्धांजली वेगळी. वाद बहुतेक दुसरीवरून पेटतो.

२०१३ चं उदाहरण घ्या. केन एर्लिक निर्माते होते. पाच जणांना वेगळी श्रद्धांजली मिळाली: 'द सोप्रानोज' मालिकेतले जेम्स गँडोल्फिनी, 'ऑल इन द फॅमिली'मधल्या जीन स्टेपल्टन, विनोदी अभिनेते जोनाथन विंटर्स, मालिकांचे निर्माते गॅरी डेव्हिड गोल्डबर्ग आणि ३१ व्या वर्षी गेलेला 'ग्ली' मालिकेतला कोरी मॉन्टीथ. तीन एमी जिंकलेले अभिनेते जॅक क्लगमन आणि 'डॅलस' मालिकेतला जे. आर. म्हणजे लॅरी हॅगमन मात्र फक्त चित्रफितीत. क्लगमन यांच्या मुलाने जाहीर नाराजी व्यक्त केली. तरुण प्रेक्षकांना मॉन्टीथ जवळचा होता, असं एर्लिक यांचं म्हणणं.

निवडीत आणखी एक गोष्ट निर्णायक असते: बोलणारं माणूस. गँडोल्फिनीसाठी पडद्यावरची बायको एडी फाल्को आली, स्टेपल्टनसाठी पडद्यावरचा जावई रॉब रायनर. अशी जवळची व्यक्ती मिळाली की ते दोन शब्द काळजाला भिडतात.

माझ्या मते चूक मॉन्टीथला घेण्यात नव्हती, क्लगमन यांना वगळण्यात होती. क्लगमन २४ डिसेंबर २०१२ ला गेले, सोहळा २२ सप्टेंबरला. नऊ महिन्यांत बातमी जुनी होते, ताजं दुःख पुढे येतं. म्हणून यादी करताना आधी कामाचं वजन बघावं, मृत्यूची तारीख नंतर.