गर्भ नळीत राहिला, यात माझी चूक होती का?

प्रश्न: ताई, मागच्या महिन्यात माझी एक्टोपिक प्रेग्नन्सी निघाली, इंजेक्शन देऊन ट्रीटमेंट झाली. घरातले म्हणतात जड उचललंस म्हणून झालं. खरंच का? आणि परत चान्स कधी घ्यायचा?

उत्तर: अगं नाही, जड उचलल्याने किंवा धावपळीने असं होत नाही, हे घरच्यांनाही वाचून दाखव. एक्टोपिकमध्ये गर्भ गर्भाशयात पोचायच्या आधीच, बहुतेक वेळा गर्भाशयाकडे जाणाऱ्या नळीत रुजतो, कारण नळीला आधी कधी इन्फेक्शन होऊन (क्लॅमिडिया हे शरीरसंबंधातून होणारं इन्फेक्शन तर कित्येकदा काहीच त्रास न देता होऊन जातो) आतून सूज किंवा चिकटलेपणा आलेला असतो, नाहीतर नळीचं ऑपरेशन, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), सिगरेट, आयव्हीएफ अशी कारणं असतात, पण जवळपास निम्म्या बायकांमध्ये काहीच कारण सापडत नाही, म्हणून स्वतःला दोष देत बसू नकोस गं.

इंजेक्शन मेथोट्रेक्सेटचं असेल तर एचसीजी (गर्भारपणात रक्तात वाढणारं हार्मोन) पूर्ण उतरेपर्यंत ब्लड टेस्ट चुकवू नकोस, निदान ३ महिने दिवस राहू द्यायचे नाहीत, आणि फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील तेव्हाच परत सुरू कर. अजूनही पोटात जोरात दुखलं, खांद्याच्या टोकाशी दुखलं किंवा चक्कर आली तर थांबू नकोस, लगेच हॉस्पिटल गाठ.

पुढच्या वेळी परत असं व्हायची शक्यता साधारण १० टक्के असते, म्हणजे बहुतेकींना होत नाही. टेस्ट पॉझिटिव्ह आली की डॉक्टरांना कळव आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घे. आणि रडू येत असेल तर रड, बाळच गमावलंयस तू.