घरचे जुने पदार्थ मुलांना शिकवायचे तर पुरणपोळीपासून सुरुवात करू नका

तुम्ही विचारलंय की भाची १५ वर्षांची आणि पुतण्या १२ वर्षांचा, दोघांनाही आजीच्या हातचं सगळं आवडतं पण करता काहीच येत नाही, आणि आजीला विचारलं की "अंदाजाने घाल गं" एवढंच ऐकायला मिळतं, तर शिकवायचं कसं. मी पण इंदूरचीच, भावाची मुलं आणि दिराची मुलगी सुट्टी लागली की माझ्याच किचनमध्ये असतात, त्यामुळे हा विषय अगदी जिव्हाळ्याचा आहे, जरा मोठं लिहिते.

बहुतेक घरांत होळीला मुलं घरी असतात म्हणून पुरणपोळीलाच बसवतात. ते नका करू. पुरणपोळीत डाळ शिजवणं, पुरण आटवणं, कणीक तिंबणं, भरून लाटणं अशी सगळी वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाला हात बसावा लागतो, पहिलीच पोळी फुटली की मूल म्हणतं मला नाही जमत, आणि मग ते पुढच्या होळीपर्यंत ओट्याजवळ फिरकत नाही. रोजची आमटी शिकवा आधी. चिंचगुळाची, गोडा मसाला घातलेली. आठवड्यातून तीन-चारदा होतेच, बिघडली तरी कुणाचं काही जात नाही, आणि आपल्या स्वयंपाकाचं अर्धं शिक्षण तिच्यात आहे.

पण आमटी द्यायची तर पूर्ण द्या, डाळ धुण्यापासून ताटात वाढेपर्यंत. लसूण सोल, कोथिंबीर निवड, एवढंच देत राहिलं तर मूल मदतनीसच राहतं, पंचवीस वर्षांचं झालं तरी. तुम्ही मागे स्टुलावर बसा आणि डावाला हात लावू नका, हे फार कठीण आहे पण करा. आणि प्रत्येक गोष्टीचं कारण सांगा, कारण आजकालच्या मुलांना कारण कळलं की लक्षात राहतं. चिंच आणि गूळ डाळ पूर्ण शिजल्यावरच का, तर आंबट आणि गूळ आधी पडले की डाळ मऊ होत नाही. हळद फोडणीत शेवटी का, तर ती लगेच करपते आणि कडवट होते, म्हणून मोहरी तडतडली की जिरं, हिंग, मग हळद आणि लगेच डाळ ओतायची, घोटलेली डाळ आधीच हाताशी ठेवायची. गूळ घालायच्या आधी एकदा चाखायला द्या, घातल्यावर परत द्या, म्हणजे गूळ काय करतो ते जिभेला कळतं, सांगून नाही कळत. १२ वर्षांच्या मुलाला फोडणी करू द्या पण मोहरी पूर्ण तडतडेपर्यंत एक हात झाकणावर ठेवायला सांगा, आणि कुकरचं झाकण मात्र सध्या तुम्हीच उघडा.

आता "अंदाजा"बद्दल. आजीला प्रमाण विचारूच नका, तिला खरंच माहीत नसतं, तिच्या हाताला माहीत असतं. तिला नेहमीसारखी मूठ भरू द्या, फक्त ती मूठ पातेल्यात जायच्या आधी किचनच्या वजनकाट्यावरच्या वाटीत पडू द्या. वजन बघायचं आणि लिहायचं काम भाचीचं. ग्रॅमबरोबर खूणही लिहायला लावा, कारण नुसत्या ग्रॅमने आजीची चव येत नाही. म्हणजे पुरण कधी झालं, तर डाव मधोमध उभा राहिला की. खोबरं कधी भाजलं गेलं, तर बदामी झालं की, लाल होऊ द्यायचं नाही. तीळ चटचट उडायला लागले की गॅस बंद. आमच्या भाचीची वही अर्धी मराठी अर्धी हिंदी आहे, शाळा हिंदी-इंग्रजीतली ना, मी एक अक्षर सुधारत नाही, तिची वही आहे.

गोडा मसाला करायचा असेल तेव्हा मुलांना सियागंजला, आपल्या इंदूरच्या किराणा-मसाल्यांच्या बाजारात, बरोबर न्या, हे मी अगदी कळकळीने सांगते. दगडफूल, नागकेशर हे तिथे हातात घेऊन, वास घेऊन कळतं. दगडफूल म्हणजे दगडावर, झाडाच्या सालीवर उगवणारं काहीतरी, हे कळल्यावर आमचा पोरगा इतका हरखला होता की घरी येऊन सगळ्यांना दाखवत फिरला, आणि मसाला भाजायला तोच उभा राहिला.

आमटी हातात बसली की मग पुरणपोळी घ्या, तीही तुकड्यातुकड्यात. एका रविवारी फक्त पुरण (आम्ही वाटीला वाटी गूळ घेतो, डाळीचं पाणी काढून ठेवतो, त्याचीच कटाची आमटी, आणि आमटी तर त्यांना आता येतेच). दुसऱ्या रविवारी कणीक, सैल भिजवून तेलाच्या हाताने भरपूर तिंबायची आणि तास-दोन तास झाकून ठेवायची, त्याशिवाय ती ताणली जात नाही आणि पुरण बाहेर येतं. अनारसे, उकडीचे मोदक वगैरे त्याच्याही नंतर, अनारशाचे तांदूळच तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे असतात, तेवढा धीर मुलांना एकदम नसतो.

एक अजून, घरचा पदार्थ म्हणजे फक्त पुण्या-साताऱ्याकडून आलेला असं मुलांना सांगू नका. मल्हारराव होळकरांकडे माळवा आला १७३०च्या सुमारास, तेव्हापासून आपली माणसं इथे आहेत. भुट्ट्याचा किस आमच्या आजीच्या आजीपासून घरात होतो, तूप-जिरं-हिंगावर परतून, दूध घालून, वरून ओलं नारळ आणि लिंबू. तो सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातही मिळतो पण घरचा वेगळा. पावसाळ्यात कोवळी कणसं आली की किसायला मुलांनाच बसवा, कितीही लहान मूल असलं तरी ढवळायला मजा येते.

पुतण्या लाजतो म्हणालात, तर पाहुण्यांसमोर "आमचा महाराज" (म्हणजे आचारी) वगैरे थट्टा कुणालाही करू देऊ नका, मी आमच्याकडे काकांना सरळ सांगितलंय. भाचीला जे शिकवाल ते सगळं त्यालाही, कॉलेजला पुण्याला किंवा बंगलोरला गेला की त्यालाच लागणार आहे.

थालीपिठाच्या भाजणीचं विचारलं होतंत ते देते. ज्वारी आणि बाजरी दोन-दोन वाट्या, तांदूळ एक, हरभरा डाळ एक, उडीद डाळ आणि गहू अर्धी-अर्धी, धणे अर्धी वाटी, जिरं दोन चमचे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, मंद आचेवर, कारण तांदळाला आणि डाळीला लागणारा वेळ वेगळा असतो आणि एकत्र टाकलं की एक करपतं, एक कच्चं राहतं. पूर्ण गार झाल्यावरच गिरणीत द्यायची, आणि गिरणीवर पण मुलांनाच पाठवा, जरा जाडसर दळा असं त्यांनीच सांगू दे.