आलेख दाखवण्याआधी चुका मोजा

डिजिटल कम्युनिकेशनचे सिम्युलेशन करून त्यावर वर्गात सादरीकरण द्यावे लागणाऱ्या विद्यार्थ्यांची पत्रे या वेळी बरीच आली आहेत. त्यांतले चार प्रश्न निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत वेगवेगळ्या शब्दांत तेच विचारले आहे.

प्रश्न : आमच्या गटाने बीपीएसकेचे (बिट ० की १ यानुसार सिग्नलचे चिन्ह उलटवून पाठवण्याच्या पद्धतीचे) सिम्युलेशन केले आणि सिग्नल-नॉइज गुणोत्तराच्या प्रत्येक डेसिबल मूल्याला १ लाख बिट पाठवले. बिट एरर रेटचा, म्हणजे चुकलेल्या बिटांच्या प्रमाणाचा, आलेख ८ डेसिबलपर्यंत छान उतरला, ९ला थोडा वाकडा झाला आणि १०ला बिंदूच उमटला नाही. ‘१० डेसिबलला एकही चूक होत नाही’ असे आम्ही सांगितले, तेव्हा परीक्षक नुसते हसले. आमचे काय चुकले? – तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमचा प्रोग्रॅम बहुधा बरोबर आहे, चुकला तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. फक्त गॉसियन नॉइज (घंटेच्या आकाराच्या वितरणाचा यादृच्छिक गोंगाट) असलेल्या चॅनेलमध्ये बीपीएसकेचा एरर रेट सूत्राने काढता येतो. ईबी बाय एन-नॉट, म्हणजे प्रत्येक बिटची ऊर्जा आणि नॉइजची घनता यांचे गुणोत्तर, ८ डेसिबल असेल तर १ लाख बिटांमागे सुमारे १९ चुका अपेक्षित असतात. ९ डेसिबलला त्या तीन-साडेतीनवर येतात आणि १० डेसिबलला अर्ध्या चुकेहूनही कमी, म्हणजे १० लाखांत जेमतेम ४. याचा अर्थ १० डेसिबलला तुम्ही पाठवलेल्या १ लाख बिटांत चूक न सापडणे हेच अधिक संभवनीय होते. एरर रेटचा अक्ष लॉगरिदमिक असतो आणि शून्याचा लॉग काढता येत नाही, म्हणून तो बिंदू उमटला नाही. ९ डेसिबलचा बिंदू वाकडा पडला त्याचेही कारण हेच आहे : तीन चुकांऐवजी योगायोगाने पाच सापडल्या, तरी बिंदू डोळ्यांना दिसेल इतका वर सरकतो.

मोजलेल्या चुकांची संख्या जितकी, तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात अंदाज पक्का होत जातो. १०० चुका मोजल्या तर उत्तर साधारण १० टक्क्यांच्या आसपास डळमळते, १० चुका मोजल्या तर ३० टक्क्यांहून जास्त. म्हणून किती बिट पाठवायचे हे आधी ठरवू नये. किती चुका सापडेपर्यंत थांबायचे नाही, हे ठरवावे. १० डेसिबलला १०० चुका गोळा करायच्या तर सुमारे अडीच कोटी बिट लागतात. ते सगळे एकाच ॲरेमध्ये कोंबले तर साधा संगणक गुदमरतो. त्यापेक्षा एक-एक लाखाच्या तुकड्यांनी लूप फिरवावा, प्रत्येक फेरीत चुका आणि बिट यांची बेरीज करत जावे आणि १०० चुका झाल्या की लूप थांबवावा. वेळ फारच कमी असेल आणि शून्य चुकांचा बिंदू दाखवावाच लागला, तर एक ढोबळ नियम कामाला येतो : जितके बिट पाठवले त्यांनी ३ला भागावे. १ लाख बिटांत एकही चूक नसेल, तर ‘९५ टक्के खात्रीने एरर रेट लाखात ३पेक्षा कमी आहे’ एवढेच म्हणता येते. हे वाक्य तुम्ही उच्चारले असते तर परीक्षक हसले नसते. त्यांनी बहुधा पुढचा प्रश्न विचारला असता.

प्रश्न : आमचा बीपीएसकेचा वक्र सूत्राच्या वक्राला अगदी समांतर आहे, पण बरोबर ३ डेसिबल उजवीकडे. ‘सिम्युलेशनमध्ये थोडा फरक पडायचाच’ असे म्हणून हे चालेल का? – अंतिम वर्षाचा विद्यार्थी

उत्तर : चालणार नाही. योगायोगाचा फरक बिंदूंना वर-खाली विखुरतो. सगळा वक्र उचलून शेजारी ठेवत नाही. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, तेव्हा कोठेतरी २चा गुणक राहिला आहे किंवा जास्तीचा लागला आहे. बहुतेक वेळा तो नॉइजमध्ये सापडतो : सिग्नल वास्तव संख्यांचा असेल तर नॉइजचे व्हेरिअन्स (चढउताराचे माप) एन-नॉटच्या निम्मे घ्यायचे असते, आणि विद्यार्थी अख्खे एन-नॉट घेतात. मॅटलॅबमधले तयार नॉइजचे फंक्शन वापरले असेल, तर वेगळे काही सांगितले नसल्यास ते सिग्नलची पॉवर १ वॅट धरून चालते, हेही तपासा. एका सिम्बॉलसाठी (एका वेळी पाठवलेल्या सिग्नलच्या तुकड्यासाठी) अनेक सॅम्पल घेत असाल तर त्यांचाही हिशेब करावा लागतो.

याच चुकीचे एक भावंड क्यूपीएसके या चार अवस्थांच्या पद्धतीत भेटते. तेथे एका सिम्बॉलमध्ये २ बिट असतात. अक्षावर नाव ईबीचे आणि आकडे सिम्बॉलच्या ऊर्जेचे, असे झाले की क्यूपीएसके बीपीएसकेपेक्षा ३ डेसिबलने वाईट दिसते आणि तसा निष्कर्षही स्लाइडवर ठळक अक्षरांत झळकतो. ग्रे कोडिंग (शेजारच्या सिम्बॉलांत एकाच बिटचा फरक ठेवणारी मांडणी) केले असेल तर दोघांचा बिट एरर रेट सारखाच येतो.

वक्र सूत्राच्या डावीकडे, म्हणजे सूत्रापेक्षा सरस आला, तर मात्र मी अधिक धास्तावतो. चुका दुरुस्त करण्यासाठी ४ बिटांचे ७ करणारा हॅमिंग कोड लावताना जास्तीच्या ३ बिटांची ऊर्जा मोजायला विसरले, तर सुमारे २.४ डेसिबलचा फायदा फुकटात मिळाल्यासारखा दिसतो.

प्रश्न : कितीही सिग्नल वाढवला तरी आमचा एरर रेट ०.५च येतो. नॉइज फार जास्त असेल का?

उत्तर : नॉइज शून्य करून पाहा. तरीही ०.५ आला, तर पाठवलेले आणि मिळालेले बिट एकमेकांसमोर नीट मांडलेले नाहीत. फिल्टरमुळे उशीर होतो, ओळ एका बिटने जरी सरकली तरी तुलना दोन परक्या ओळींची होते, आणि परक्या ओळी निम्म्या वेळा जुळतातच. एरर रेट जवळजवळ १ येत असेल तर आनंद माना : सगळे काही बरोबर आहे, फक्त चिन्ह उलटे झाले आहे.

प्रश्न : दहा मिनिटांत काय काय दाखवावे? सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? – एका गटाची प्रमुख

उत्तर : सॉफ्टवेअरवर वेळ घालवू नका. मॅटलॅब, ऑक्टेव्ह, सायलॅब किंवा पायथन यांपैकी जे गटातल्या दोघांना तरी येते ते घ्या. खरा रेडिओ सिग्नल हाताळायचा असेल तर जीएनयू रेडिओ पाहा.

स्रोत, ट्रान्समीटर, चॅनेल, रिसीव्हर आणि गंतव्य यांची चौकटी-बाणांची आकृती क्लॉड शॅनन यांच्या १९४८च्या शोधनिबंधात आहे आणि तेव्हापासून ती प्रत्येक सादरीकरणाच्या दुसऱ्या स्लाइडवर येत आली आहे. ती वगळली तर कोणाचे अडणार नाही. त्याऐवजी एकच प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, रेले फेडिंग (अनेक वाटांनी आलेल्या लहरी मिसळून सिग्नलची ताकद वर-खाली होणे) असलेल्या चॅनेलमध्ये बीपीएसकेचे काय होते? सरासरी १० डेसिबलला तेथे हजार बिटांत सुमारे २३ चुका होतात; फेडिंग नसताना १० लाखांत ४ होत होत्या. हे दोन वक्र एकाच आलेखावर काढा, सूत्राचे वक्र सलग रेषेने आणि सिम्युलेशनचे नुसत्या बिंदूंनी, आणि प्रत्येक बिंदूसाठी किती चुका मोजल्या ते खाली लहान अक्षरांत लिहा. मग फेडिंगचा वक्र कड्यासारखा न कोसळता उतारासारखा का घसरतो, यावर उरलेला वेळ बोला : सरासरी चांगली असली तरी सिग्नल अधूनमधून खोल जातो आणि जवळजवळ सगळ्या चुका त्या खड्ड्यांतच होतात. एखाद्या खड्ड्यातले मिळालेले सिम्बॉल प्रत्यक्ष काढून दाखवता आले, तर तीच तुमची सर्वांत चांगली स्लाइड ठरेल.

प्रोग्रॅम वर्गात चालवून दाखवणार असाल तर रॅन्डम सीड (यादृच्छिक आकडे दर वेळी तेच यावेत म्हणून दिलेला सुरुवातीचा आकडा) ठरवून ठेवा, बिट कमी ठेवा, आणि पूर्ण चालवलेला आलेख आधीच जतन करून सोबत न्या.