ग्रीकच्या आधी मंडळीचा ठराव

सलाम. आपण सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, पुढे सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात, बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) करायचे आहे आणि नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक आत्तापासून सुरू करावी का, असे विचारले आहे. मीही पदवीची तीन वर्षे याच चिंतेत घालवली. ग्रीक जमले, वर्ष मात्र एका कागदापायी गेले.

मंडळीची, म्हणजे आपल्या चर्चची, शिफारस लागते हे ठाऊक होते, म्हणून पाळकसाहेबांचे पत्र अर्जाला जोडून मी निश्चिंत झालो. सेमिनरीने वरच्या कार्यालयाचा ठराव मागितला. त्या कार्यालयातील बाबूंनी माझा लिफाफा भाडेपावत्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवला आणि ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ म्हणाले. बैठक तीन महिन्यांतून एकदा. पहिल्या वेळी गणसंख्या भरली नाही, दुसऱ्या वेळी माझा विषय पत्रिकेवरच नव्हता आणि तिसऱ्या वेळेपर्यंत पाळकसाहेबांची बदली झाल्याने नवे पत्र आणायला सांगण्यात आले. बंगालमधल्या ज्या सेरामपूर कॉलेजची पदवी मला हवी होती, त्याला पदव्या देण्याची सनद डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये दिली. आमच्या कार्यालयाला चार ओळींचा ठराव देववेना. असो.

म्हणून मंडळीच्या पंचांकडे ठरावासाठी लेखी अर्ज याच वर्षी द्या आणि ठरावाची तारीख व क्रमांक असलेली प्रत मागा. ही माझ्या वेळची माहिती आहे. आपल्या सेमिनरीचे चालू माहितीपत्रक पाहूनच पावले उचला.

ग्रीकची मुळाक्षरे आणि वाचनाचा सराव घरी पुरे, व्याकरण तिथे शिकवतातच. मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी दमछाक इंग्रजी ग्रंथ वाचताना होते, त्यामुळे रोज दहा पाने टिपणे काढत वाचावीत. विषय निवडणे अजून हातात असेल, तर माझ्या मते इतिहास किंवा तत्त्वज्ञान घ्यावे. काहीजण हे मानणार नाहीत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले आणि १९२४ मध्ये छापलेले मराठी बायबल मिळाले, तर मार्कच्या शुभवर्तमानाचा एखादा अध्याय प्रचलित भाषांतराशेजारी ठेवून वाचा. मूळ भाषा कशासाठी शिकायची, ते तिथे कळते.

यवतमाळहून १९८३ मध्ये पुण्यात आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी प्रवेशाच्या अर्जाआधी एकदा पाहून या. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने गेल्यास रात्री घरी परतता येते. मात्र त्याआधी पंचांकडचा तो अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का पडल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. मी दोनदा चहा पिऊन तसाच उठलो होतो.